तेराव्या मजल्यावरचा माझा जोडीदार

सदूच्या मुलाचा फोन आला, "काका, दादा गेले." तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगतो, खोटं कशाला लिहू… हा तरी लिफ्टनं खाली येईल. माझी बायको शांता गेली तेव्हा तिला कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावरून चादरीत धरून उतरवलं होतं आम्ही. दीड महिना झाला सदूला जाऊन, पण तो विचार अजून जात नाही.

सदू आणि मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. तीस वर्षं जोडीनं काम केलं. तो गोणी उचलून द्यायचा, मी पाठीवर घ्यायचो. साताऱ्याकडून आला तेव्हा नुसता दांडगा होता, दुसऱ्याच दिवशी कंबर धरून बसला. वजन कमरेनं नाही, मांड्यांनी उचलायचं, हे मी शिकवलं त्याला. बैठ्या वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. सगळे आमच्यासारखेच… माथाडी, टेम्पोवाले, एखादा कारकून. कुणाकडं मटण शिजलं की साऱ्या गल्लीला कळायचं.

मग बिल्डर येणार, बिल्डर येणार, हे ऐकून कान किटले. पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं. मी कंटाळून घर विकलं आणि कामोठ्याला गेलो. सदू म्हणाला, "थांब की लेका, एवढी कळ काढलीस." मी म्हटलं, "तू थांब, तुला चिखल आवडतो." शांता आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. थोड्याच वर्षांत तिथं टॉवर उभा राहिला आणि सदू तेराव्या मजल्यावर गेला. बाकीच्यांना मेंटेनन्स झेपेना, एकेकानं मिळालेला फ्लॅट विकला आणि गाव नाहीतर पनवेल गाठलं. त्यांच्या जागी बँकवाले आले, कॉम्प्युटरवाले आले, गाड्या आल्या. जुन्यांपैकी एकटा सदू टिकला, मुलाला पगार चांगला म्हणून.

दर रविवारी त्याचा फोन. "ये रे, वरनं खाडी दिसते." मी म्हणायचो, "गुडघे दुखतात." लिफ्ट असताना कसले गुडघे… त्यालाही कळत असणार. एकदाही गेलो नाही मी. मला त्याची खाडी बघायची नव्हती.

गेलो तो शोकसभेलाच. जिथं माझी मोरी होती, तिथं उभ्या असलेल्या वॉचमननं मला विचारलं, "किधर जाना है?" हॉलमध्ये सगळे बडे लोक. एक बाई, बँकेत साहेब असलेल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अंकलनी आम्हाला जिममध्ये वजन उचलायला शिकवलं. कमरेनं नाही, मांड्यांनी." लोकांनी डोळे पुसले. माझं पित्त खवळलं. घर गेलं ते गेलं, एवढी एक विद्या माझी होती, तीही यानं टॉवरात नेऊन वाटली.

सभा संपल्यावर बाईंना गाठलं. म्हटलं, "हे मी शिकवलं त्याला." त्या रागावल्या नाहीत. "मग काका, उद्या सकाळी या ना. आम्ही बरोबर करतो का बघा."

चुका काढायला म्हणून त्यांच्या जिममध्ये गेलो. बाई गुडघे वाकवून उभ्या होत्या. मागून त्यांच्या नवऱ्यानं वाळू भरलेली काळी पिशवी उचलली, त्यांच्या पाठीशी आणली आणि म्हणाला, "घे बबन."

मी दारातच थांबलो. बबन म्हणजे मी. प्रत्येक गोणीला सदू असं म्हणायचा आणि मी पाय रोवून उत्तर दिल्याशिवाय हात सोडायचा नाही. मागं ट्रक खोळंबलेला असो, मुकादम शिव्या देवो.

नवरा म्हणाला, "असं म्हटल्याशिवाय वजन द्यायचं नाही, असं सांगायचे अंकल."

"आणि पुढं काय म्हणायचं?" मी विचारलं.

"पुढं काही नाही," बाई म्हणाल्या. "ते शिकवलंच नाही त्यांनी. मी नुसती मान हलवते."

उचलायचं कसं ते त्यानं सगळ्यांना वाटलं. माझं उत्तर तेवढं कुणाला दिलं नाही…

नवरा पिशवी धरून तसाच उभा होता. मी म्हणालो, "दे."