सानगडीचा भुऱ्या झांबियात

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमा करत नाही. मधल्या सुट्टीत चहा येतो, चहाबरोबर एक जण काहीतरी सांगतो, दुसरा त्याला मीठमसाला लावतो, आणि बघता बघता ढीग होतो. आमच्या सानगडीच्या शाळेत सगळ्यात मोठा ढीग लांजेवार सरांच्या नावावर आहे. खरं म्हणजे त्यांच्या कुत्र्याच्या!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आफ्रिकेत विज्ञानाच्या शिक्षकांना मागणी होती. लांजेवार सरांनी पेपरातली जाहिरात पाहून अर्ज ठोकला आणि झांबियातल्या एका शाळेत त्यांची निवड झाली! आम्हाला तालुक्याला, साकोलीला जायचं तर एसटीची वाट बघून पाय दुखायचे, आणि हा बाप्पा थेट झांबियाला निघाला!

सर पेढे घेऊन घरी गेले. त्यांची बायको म्हणजे आमच्या कुंदावहिनी. माहेर एकोडीचं, आणि बोलण्यात एक नंबर. हापशीवर पाणी भरायला गेल्या की बादली भरून वाहायची, तरी गोष्ट संपायची नाही. त्यांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "तिथं माह्याशी बोलन कोण?"

"शेजारीपाजारी असतेत ना," सर म्हणाले.

"ते तं इंग्रजीत बोलतेत. मले येते का इंग्रजी?"

सरांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"मंग भुऱ्याले संग घ्या. त्याले तरी माही बोली समजते. भुऱ्या नाही तं मी बी नाही. जा एकटे, अन् हातानं रांधून खा!"

भुऱ्या म्हणजे त्यांचं कुत्रं. आठवडी बाजारातून वहिनींच्या पिशवीच्या वासानं मागंमागं आलं ते घरचंच झालं. भुरकट रंग, एक कान उभा, एक पडलेला. सरांना सगळं जमायचं, फक्त स्वयंपाक जमत नव्हता. भुऱ्याचं परदेशी जाणं त्याच दिवशी पक्कं झालं!

*

आमचे हेडमास्तर इंग्रजीचे निस्सीम भक्त. स्वप्नसुद्धा ग्रामर तपासूनच बघतात, असं आम्ही पाठीमागं म्हणायचो.

"परदेशी चाललंय कुत्रं," ते म्हणाले, "त्याला बेसिक इंग्लिश आलंच पाहिजे!"

झालं! मधल्या सुट्टीत मैदानावर भुऱ्याचा क्लास सुरू झाला. हेडमास्तर ओरडायचे, "सिट डाऊन!" भुऱ्या उभ्याउभ्या शेपूट हलवायचा. "स्टँड अप!" म्हटलं की आडवा व्हायचा. पंधरवडाभर हे चाललं. शेवटी अशी गत झाली, की "सिट डाऊन" ऐकलं की पाचवीची पोट्टी असतील तिथं मटकन खाली बसायची आणि भुऱ्या उभाच!

एक दिवस वहिनी सरांचा डबा घेऊन आल्या. हेडमास्तरांचा घसा बसत आला होता. वहिनींनी हळूच म्हटलं, "बस बे."

भुऱ्या चटकन बसला.

हेडमास्तर भडकले. "वहिनी, तुम्ही मध्ये बोलू नका! त्याचं मीडियम बिघडतं!"

*

विमानात कुत्र्याला पेटी लागते, असं कळलं. सरांनी गावच्या सुताराकडून सागवानाची पेटी करून घेतली. चांगली ऐसपैस, वर जाळी, आणि दाराला बाहेरून कडी. सगळं मस्त, पण भुऱ्या आत जाईना. भाकर टाकली, दूध ठेवलं. तो लांबूनच वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा.

"घाबरून राहिला बिचारा," वहिनी म्हणाल्या. "थांब रे, मीच दाखवतो तुले."

आणि वहिनी स्वतःच पेटीत शिरल्या! वाकून आत बसल्या, "पाह्य, काही होते का?" म्हणाल्या, तेवढ्यात दार मिटलं आणि कडी पडली.

आरडाओरडा ऐकून आम्ही सगळे शाळेतून धावलो. बघतो तर वहिनी आत, आणि भुऱ्या पेटीला टेकून पहाऱ्यावर! कोणाला जवळ येऊ देईल तर शपथ. सर पुढं झाले तर सरांवरही दात विचकले. शेवटी पेटीतूनच आवाज आला, "चूप बस बे! काहून भुकून राहिला?"

भुऱ्या लगेच बसला आणि आम्ही कडी काढली. वहिनी पदर झटकत बाहेर आल्या आणि सरांना म्हणाल्या, "पेटी चांगली हाये. वारा येते."

*

मग हवा होता कुत्र्याच्या तब्येतीचा दाखला. जवळच्या एका गावचे ढोरांचे डॉक्टर मोठे भले गृहस्थ, पण त्यांचा जन्म बैल आणि म्हशी तपासण्यात गेलेला. त्यांच्याकडे छापील दाखला एकच, बैलबाजाराचा. त्यांनी "बैल" खोडून "कुत्रा" लिहिलं आणि बाकीचं सवयीनं भरून टाकलं. 'दात जुळले आहेत. चालीला चांगला. औताला चालतो.' खाली सही, वर शिक्का!

निघायच्या दिवशी अख्खी शाळा एसटी स्टँडवर. शाळेनं सरांना शाल-श्रीफळ दिलं. वहिनी रडत होत्या, भुऱ्या पेटीतून कुईकुई करत होता. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले. स्टाफरूममधला हक्काचा माणूस चालला होता.

मुंबईत विमानाच्या ऑफिसातल्या क्लार्कनं तो दाखला वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि पेटीत वाकून बघितलं.

"काय हो, हे कुत्रं औत ओढतं?"

सर विज्ञानाचे शिक्षक, खोटं बोलणार कसे?

"अजून जुंपून पाहिलं नाही," ते म्हणाले.

*

जायच्या आधी हेडमास्तरांनी सरांना अ‍ॅटलास उघडून दाखवला होता. "हे कर्कवृत्त, हे मकरवृत्त आणि मध्ये तुमचा झांबिया. उष्ण कटिबंध! आपल्या भंडाऱ्याच्या मे महिन्याचा बाप! लोकरीचा एक धागासुद्धा नेऊ नका!"

सरांनी घरातले सगळे स्वेटर वाटून टाकले. लग्नातला लोकरीचा कोट स्वतः हेडमास्तरांनी ठेवून घेतला, "उगाच वाया जायला नको" म्हणून.

जूनमध्ये सरांचं पत्र आलं. तो भाग म्हणे उंच पठारावर. जून-जुलैत दात वाजतात! भुऱ्या चुलीपासून हलत नाही. खाली वहिनींनीही चार ओळी लिहिल्या होत्या. 'शेजारी बांडा मास्तर आहेत, यांच्याच शाळेत शिकवतात. भला माणूस. ते हसून गुड मॉर्निंग म्हणतात, मी हसते आणि आत येते. घर खायला उठते. दिवसभर भुऱ्याशीच बोलते. मला नेऊन घाला.'

मग पाकिटातून फोटो निघाला. भुऱ्या ऐटीत उभा, आणि पोळ्याच्या बैलाला घालतात तशी अंगावर झूल. नीट बघितलं तर ती झूल म्हणजे शाळेनं दिलेली सत्काराची शाल!

"हा संस्थेचा अपमान आहे!" हेडमास्तर म्हणाले.

"मग सर, तो कोट परत पाठवायचा का?" मी विचारलं.

हेडमास्तरांनी फोटो माझ्या हातात दिला. कोटाच्या बाह्या तोवर त्यांच्या मापानं कापून झाल्या होत्या.

*

मध्ये काही वर्षं गेली. ऐंशी साल उलटलं आणि सरांचं पत्र आलं, की सुट्टीत गावी येतोय, आणि सोबत शेजारचे बांडा मास्तरही भारत बघायला येताहेत.

हेडमास्तरांना दुसरा जन्म मिळाल्यासारखं झालं! गावात पहिल्यांदाच इंग्रजी बोलणारा परदेशी पाहुणा. त्यांनी फुलस्केपभर भाषण लिहिलं, आरशासमोर पाठ केलं. ऐन मे महिना, सुट्टी लागलेली, तरी पोट्टी गोळा करून स्टँडवर रांगेत उभी केली. आणि स्वतः आले लोकरीचा कोट घालून!

एसटी आली. आधी वहिनी उतरल्या. चांगल्या भरल्या होत्या अंगानं.

"वहिनी, भुऱ्या कुठं?" मी विचारलं.

"तो बांडाबाईजवळ ठेवला. मजेत हाये."

"आणि तुम्हाला करमतं का तिथं?"

"करमते ना! बोलून बोलून घसा दुखते माहा!"

मला वाटलं, आपलं मन राखायला म्हणताहेत.

मग सरांच्या मागून बांडा मास्तर उतरले. उंचेपुरे, हसतमुख, घामानं थबथबलेले. हेडमास्तरांनी कोट सारखा केला, कागद उघडला आणि आवाज चढवला, "रिस्पेक्टेड मिस्टर बांडा..."

एवढ्यात स्टँडवरचं एक कुत्रं नवा माणूस बघून धावून आलं आणि लागलं बेफाम भुंकायला. भाषण ऐकू येईना.

"सिट डाऊन!" हेडमास्तर गरजले.

रांगेतली सगळी पोट्टी खाली बसली. कुत्रं भुंकतच होतं.

बांडा मास्तरांनी हातातली बॅग खाली ठेवली. कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली, आणि थेट एकोडीच्या हेलात कडाडले, "चूप बस बे! काहून भुकून राहिला?"

कुत्रं बसलं. आणि शपथेवर सांगतो, हेडमास्तरही बसले!