रिकामी बाज

आमच्या दवाखान्यात माणसं आडवी यायची आणि आडवीच जायची. घाबरू नका, बहुतेक बरी होऊन जायची. पण पद्धतच तशी होती. आजारी माणसाला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावरून आणायचं, आणि ज्या बाजेवर माणूस आलं ती घरी रिकामी न्यायची नाही. रिकामी बाज परत आली म्हणजे तिच्यावरचं माणूस गेलं, असं समजायचे. त्यामुळे टायफॉइडमधून उठलेला, भाकरी मागून मागून मला भंडावून सोडणारा धडधाकट गडी निघायच्या दिवशी लाजत लाजत बाजेवर आडवा व्हायचा आणि चौघे घामाघूम होत त्याला घेऊन जायचे. एकानं तर वर पडल्या पडल्या विडी पेटवली होती. मी फाटकापर्यंत धावत जाऊन ती विझवायला लावली.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. नागपूरला नर्सिंग शिकून मी वर्धा जिल्ह्यातल्या या कापसाच्या गावी नोकरीला आले होते. दवाखाना आसपासच्या गावांनीच उभा केला होता. कुणी विटा दिल्या, कुणी सागाची दारं, कुणी नुसती अंगमेहनत. दहा लोखंडी खाटा, एक डॉक्टर आणि मी. पावसाळ्यात निवांत असायचं. दिवाळी झाली की कापसातून सरकी काढायचं जिनिंग सुरू व्हायचं, समुद्रपूरच्या रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची, आणि लांबलांबची कुटुंबं मजुरीला यायची. जंगलाकडची गोंड माणसंही यायची आणि जिनाच्या आवारातल्या टिनाच्या शेडात संसार मांडायची. गाव दुप्पट व्हायचं, दवाखाना तेवढाच राहायचा. मग व्हरांड्यात पेशंट, पायरीवर पेशंट. अशा वेळी नातेवाइकांच्या बाजांवर माझा डोळा असायचा. पेशंटला आत लोखंडी खाट मिळाली की त्याची बाज मी दुसऱ्या कुणासाठी मागून घ्यायची. लोक कुरकुरत का होईना, द्यायचे.

एक माणूस मात्र देईना.

नाल्यापलीकडच्या गावातून त्यानं बायकोला आणलं होतं. न्यूमोनिया होता. छातीचा भाता चाललेला, डोळे अर्धवट उघडे, ओळख कुणाची नाही. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सांगता येत नाही." ते त्यानं ऐकलं असावं. तेव्हापासून तो व्हरांड्यात, तिच्या खिडकीखाली, आपल्या बाजेवर मांडी घालून बसला तो बसलाच. दवाखान्यातसुद्धा बाज रिकामी ठेवायची नाही, असा त्यानं त्या नियमात स्वतःचा नियम वाढवला होता. विहिरीवर जायचं झालं तर जाणाऱ्या-येणाऱ्याला धरायचा, "बसा जी इथं थोडं, मी येतोच." एकदा त्यानं आमच्या डॉक्टरांना बसवलं. डॉक्टर पुण्याकडचे, भिडस्त. स्टेथोस्कोप गळ्यात घालून मुकाट बसून राहिले आणि आत पेशंट त्यांची वाट बघत होते. तो रात्री आडवा होतच नव्हता. झोप लागली आणि आपण खाली घसरलो तर बाज रिकामी पडेल, ही भीती.

मी तापट बाई. राग नाकाच्या शेंड्यावर. रोज सकाळी आमचं भांडण ठरलेलं.

"अहो, माणसं जमिनीवर झोपलीयेत आणि तुम्ही बाज अडवून बसता?"

"जमिनीवर निजून कोनी मरत नाई, बाई."

"थंडी केवढी आहे!"

"माहं घोंगडं न्या. बाज नाई देत."

घोंगडं खरंच देऊन टाकलं त्यानं. स्वतः धोतराचा सोगा पांघरून बसला.

अशात एका दुपारी जिनातून एक गोंड बाई आली. दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या, केसांत कापसाचे तंतू. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिच्या नवऱ्यानं तिला अक्षरशः हातांवर उचलून आणलं होतं. आत एकही खाट नव्हती. मी सरळ त्या बाजेपाशी गेले.

"उठा."

त्यानं त्या बाईकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "हे जगंल ना, बाई?"

"जगेल म्हणजे? बाळंतपण आहे, लग्न नाही, की मुहूर्त बघून सांगू!"

"मंग नाई देत. हिच्यावर कोनी मेलं तर माहीवाली घरी कशावर येईल?"

तो हट्टानं नाही, भीतीनं बोलत होता. पण मला ते तेव्हा दिसलं तरी पोचलं नाही, कारण ती बाई भिंतीला धरून खाली बसत चालली होती. मी आवाज चढवला. काय काय बोलले आठवत नाही. सगळा व्हरांडा उठून बघायला लागला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला. बारीक, घोगरा, पण चांगलाच वैतागलेला.

"काऊन भांडून राह्यले वो? द्या ना तिले बाज."

कित्येक दिवसांत त्याच्या बायकोनं काढलेला तो पहिला शब्द. तो माणूस उभा राहिला. बाज, नियम, मी, सगळं विसरून तो आत पळाला. मी त्या गोंड बाईला बाजेवर घेतलं, तिच्या नवऱ्याला धोतराचा आडोसा धरायला लावला आणि कामाला लागले.

जरा वेळानं आडोशापलीकडून त्याचा आवाज आला. बायकोला पाणी पाजून तो परत आला होता आणि इकडे पाठ करून उभा होता.

"जित्ती हाये ना, बाई?"

"आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, "हाये ना?"

"आहे हो! तुम्हाला काय झालंय?"

दिवस कलता कलता मूल झालं. मुलगी. असा आवाज काढला तिनं की जिनाचा भोंगा मागे पडावा. तो माणूस भिंतीला टेकून घळघळा रडला. मुलीच्या बापापेक्षा हाच जास्त रडला. मलाही भरून आलं, पण मला कात्री उकळायची होती.

ती बाळंतीण माझं काही न ऐकता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोर घेऊन शेडात निघून गेली. हा पुन्हा बाजेवर जाऊन बसला. बायको जसजशी सावरली तसतसं तिचं तोंडही सुरू झालं. वरणात मीठ नाही, गादीत ढेकूण आहेत, आणि माझ्या नवऱ्यावर ओरडणारी ही बाई कोण? मला ती फार आवडली.

निघायच्या दिवशी गावातले चौघे आले. तिचं गाव अर्ध्या कोसावर, पण नाल्यातून बंडी जात नव्हती. त्यानं बाजेवर गोधडी अंथरली आणि तिला म्हणाला, "नीज."

"मी नाई निजत. मले चालता येते."

"अवो, रिकामी कशी नेऊ?"

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. हळूहळू, थांबत थांबत गेलीस तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मग ती नवऱ्याकडे वळली. आजारातून उठल्यावर तिनं त्याला उजेडात नीट पाहिलं असेल ते तेव्हाच. खोल गेलेले डोळे, वाढलेली पांढरी दाढी, बसून बसून सुजलेली पावलं.

"तुमी निजा," ती म्हणाली.

"मी? मले काय झालं?"

"निजा म्हन्ते ना मी!"

चौघे हसले, व्हरांडा हसला. तो तिच्या धाकानं बाजेवर आडवा झाला, एक हात तिच्याकडे करून काहीतरी सांगायला लागला, आणि चौघांनी बाज उचलेपर्यंत ते वाक्य अर्धंच राहिलं. फाटकापर्यंत पोचायच्या आत तो घोरत होता. ती बाजेच्या कडेला हात लावून, अशक्त पावलं टाकत बाजूनं चालत होती. एक जण मोठ्यानं काही बोलला तशी तिनं त्याला दटावलं.

"हळू चाला रे. लय दिवसानं निजले ते."

तोपर्यंत लग्नाचा विषय निघाला की मी घरच्यांना उडवून लावत असे. त्या दिवशी फाटक धरून मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, आणि मला त्या बाईचा हेवा वाटला.