न मारलेली हाक

"थांबवा! त्याचे ओठ बघा."

रानात हरवलेल्या माणसाचा सिनेमा लागला, की सिस्टर असा हात वर करायच्या. मी रिमोटचं बटण दाबायचो आणि हिरो तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थांबायचा. सिस्टर खुर्चीतून वाकून त्याला पेशंटसारखं तपासायच्या. "तीन दिस पानी न्हाई ह्याला, आन् ओठ कसे लोन्यावानी मऊ. खोटं हाय. चालू करा."

कोल्हारच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी औषधं द्यायचो. आमची घरं भिंतीला भिंत लागून. रविवारी चर्चमधून आल्या, की जेवण उरकून त्या आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या. विनोदी नको, रडारडीचं नको. रानात, बेटावर, बर्फात एकटा अडकलेला माणूस पाहिजे. तुम्हीही असे सिनेमे पाहिले असतील. सिस्टरांबरोबर मात्र पाहिले नसतील. हिरो पहिल्याच काडीला जाळ पेटवतो, खोटं. स्वतःशी मोठ्यानं बोलत बसतो, खोटं. "घसा सुकल्यावर कोन बोलतं, भाऊ? आन् ह्यांच्या रानातल्या मुंग्या कुठं गेल्या? जखमेला पयल्या तासात मुंग्या लागतात."

हे त्या अधिकारानं बोलायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात होत्या. उन्हाळ्यात एका वस्तीवर लस द्यायला एकट्याच निघाल्या, जवळची म्हणून घसरणीची वाट धरली, पायाखालचा दगड निसटला आणि त्या कोरड्या ओढ्यात कोसळल्या. घोटा मोडला. वस्तीवरच्यांना वाटलं, बाई आल्याच नाहीत. उपकेंद्रात वाटलं, वस्तीवर मुक्काम केला असेल. लशीच्या डब्यात थंडाव्यासाठी चार आईस पॅक होते. त्यांतलं वितळलेलं पाणी त्या झाकणा-झाकणानं प्यायल्या. तिसऱ्या दिवशी हिरडा गोळा करणाऱ्या एका बाईला त्या सापडल्या.

एवढंच त्या सांगायच्या. मग एका रविवारी वाट चुकलेल्या मुलीचा सिनेमा लागला. दूरवर माणसं दिसताच ती हात हलवत, किंचाळत धावत सुटली. सिस्टरांचा हात वर गेला नाही.

"हे तरी खरं ना?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "मी न्हाई मारली हाक."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या कड्यावरून एक गुराखी जाताना त्यांना दिसला होता. पण मोडलेला पाय बांधायला त्यांनी साडी फाडली होती. उरलेली काट्यांत गेली होती. वय बाविशीचं. त्या दगडाआड सरकल्या आणि तो दिसेनासा होईपर्यंत श्वास धरून बसल्या.

"तहानेनं मरत नव्हते मी, भाऊ. लाजेनं मरत हुते. हे कुन्याच पिक्चरमधी दावत न्हाईत."

"मग?"

"मग सोताला लई शिव्या दिल्या. उजाडल्यावर ठरवलं, आता कुनीबी येऊ दे, कसंबी बघू दे. तवा तर आवाजच निघंना. मग जेवनाचा डबा घेतला आन् दगडानं बडवत बसले. ती हिरडेवाली बाई येईपातूर हात थांबू दिला न्हाई."

घोटा जुळल्यावर घरच्यांनी बदली मागायला सांगितलं. सिस्टर काठी घेऊन त्याच वस्तीवर गेल्या आणि राहिलेल्या पोरांना लस टोचून आल्या.

कोल्हारला नवी नर्स कामावर आली, की सिस्टर तिला मागच्या अंगणात घेऊन जायच्या. "अंगावर कापड असो-नसो, मानूस दिसलं की हाक मारायची. मार बघू." ती बिचारी लाजत "ओ" म्हणायची. "भिंतीलाबी ऐकू गेलं न्हाई. परत!" तिसऱ्या-चौथ्या वेळेला अशी आरोळी उठायची, की माझ्या खिडकीशी उभे असलेले पेशंट दचकून मागं सरायचे. मी त्यांना गोळ्या मोजून देत म्हणायचो, "काही नाही, ट्रेनिंग चाललंय."

मागच्या वर्षी सिस्टर गेल्या. शेवटचं आजारपण लागण्याआधी त्यांनी मला त्या ओढ्यापाशी न्यायला लावलं होतं. साठी ओलांडलेली, गुडघे दुखरे. तरी काठी टेकत खाली उतरल्याच. उतरण्याआधी मला बजावलं, "तुमी वर कड्यावर उभे ऱ्हावा. त्यो गुराखी हुता तिथं."

मी उभा राहिलो. खाली काळ्या दगडांत त्यांची पांढरी साडी एवढीशी दिसत होती. त्यांनी कड्याकडे बघितलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेले.

"ओऽऽ भाऊ! इकडं! मी हितं हाय!"

आवाज कड्यावर आपटून पलीकडच्या डोंगरात गेला. उतारावर चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. मी जीव खाऊन ओरडलो, "आलो, सिस्टर, आलो!"

आणि उतरायला पाय टाकला, तोच खालून आवाज आला, "तुमी नका येऊ! मीच येते वर!"

दगड चाचपत, काठी रोवत त्या चढायला लागल्या होत्या.