हंड्याशिवायची चाल

भागीबाईचं डोकं मोकळं असलेलं तिच्या मुलाने, देवरामने, लहानपणी फारसं पाहिलंच नव्हतं. पाण्याचा हंडा, भाताचा भारा, लाकडाची मोळी, काही ना काही त्यावर असायचंच. पेठ रस्त्याच्या वर टेकाडावर त्यांचा पाडा, विहीर मात्र खाली. हंड्यावर हंडा चढवून ती चढण चढायची आणि वर बायकांशी कडाकडा भांडायची, तेही मान न वळवता. म्हातारी झाल्यावर पोरं म्हणायची, ही देवाघरीसुद्धा हंडा घेऊनच जाणार. तीही हसायची.

पुढे देवरामला ते हसणं नकोसं झालं. एका वर्षी भातकापणीच्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं की, आई शेजारी मीठ मागायला जातानाही डोक्यावर भरला हंडा घेते. एकदा त्याने वाटेतच तो उतरवला. "आता बस झालं, आय." तर ती दोन पावलं जाते न जाते तोच बाजूला कलली. कुडाची भिंत हाताला लागली म्हणून वाचली.

"वारं लागलं," ती म्हणाली. वारा कुठला? झाडाचं पान हलत नव्हतं.

दिवाळी सरली की सारा पाडा दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचा. काम नवरा-बायकोच्या जोडीलाच मिळे, म्हणून देवरामच्या बायकोला, चांगुणाला, मागे ठेवता येत नव्हतं. आणि ज्याच्या हातून काम होत नाही त्याला मुकादम ट्रकमध्ये चढू देत नसे. मागे राहणार भागीबाई आणि शेजारचा झिपरू, ज्याला अंगणात यायलाही कुणाचा तरी हात लागे. न जावं तर पावसाळ्यापर्यंत खायचं काय? आईला ठेवून जावं की नाही, या एका प्रश्नाने देवरामची झोप उडाली होती.

दोन हजार सात सालची ही गोष्ट. नेमकी तेव्हाच आश्रमशाळेत नाशिकच्या डॉक्टरांची एक तुकडी आली. म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला काडेपेटीएवढं यंत्र बांधायचं, त्यांना चालवायचं, आणि अंगात किती बळ उरलंय, तोल किती जातो, हे कॉम्प्युटरवर बघायचं. देवरामला वाटलं, देवच पावला. आता ठरवायचं ते यंत्र ठरवील, आपल्या माथी काही नको.

तुकडीतल्या तृप्ती नावाच्या मुलीने भागीबाईच्या कमरेला पट्टा बांधला. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. जन्मात खुर्चीवर न बसलेली बाई ती, उठताना खुर्चीलाच शिव्या घालू लागली. मग व्हरांड्यात चालवलं. पडद्यावरची रेघ अशी वेडीवाकडी उसळली की तृप्तीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. भागीबाईला रेघेतलं काही कळत नव्हतं, पण माणसाचा चेहरा बरोबर कळायचा.

"हंडा द्या मला," ती म्हणाली. "मोकळ्या डोक्यानं कोण चालतं गं बाय?"

मोठे डॉक्टर अमित यांना गंमत वाटली. त्यांनी शाळेतला हंडा भरून आणवला. आणि काय सांगावं, म्हातारी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. रेघ शांत. "व्वा आजी, माझ्यापेक्षा बऱ्या चालता!" म्हणून डॉक्टर पुढच्या माणसाकडे वळले.

तृप्ती देवरामला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दादा, पहिली चाल खरी धरा. दिवसभर काही डोक्यावर ओझं नसतं. रात्री उठतील, चुलीपाशी वळतील, तेव्हा पडतील. यांना एकटं ठेवू नका."

देवरामने मान हलवली. ऐकू तर स्वच्छ आलं होतं.

भागीबाईने पाड्यावर येऊन गावजेवण घातल्यासारखी बातमी पसरवली. मशीन म्हणलं मी ठणठणीत हाय! चांगुणाने चुलीपुढे नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा, काय म्हणलं मशीन?"

"दोनदा लावलं," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी लय चांगली चालली." शब्दशः खरं होतं ते. इतकं खरं बोलून इतकं खोटं वागता येतं, याची त्याला स्वतःलाच भीती वाटली, पण पुढचं वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

ट्रक आला. बोचकी चढली, पोरंटोरं चढली, शेवटी देवराम आणि चांगुणाही चढले. भागीबाई ओसरीच्या खांबाला एका हाताने धरून उभी होती आणि दुसरा हात हलवत सगळ्यांना नावानिशी दम देत होती. "रडतीस कशाला गं चांगुणे? जा की! मला काय धाड भरलीय?"

तेवढ्यात शेळीने कुडावरचं लुगडं ओढलं. भागीबाईने तिला हाकलायला पाऊल उचललं, पण खांब सोडला नाही. पाऊल तिथेच अधांतरी राहिलं, आणि सावकाश मागे आलं. ती पुन्हा हात हलवू लागली, जरा जास्तच जोरात.

"अहो," चांगुणाने देवरामचा दंड पकडला. "म्हातारीला खांब सोडता येत नाय. बघितलं का तुमी?"

देवरामने बघितलं होतं. पाड्यात आता दुसरं कुणी बघायला उरलं नव्हतं. त्याने बायकोच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि ड्रायव्हरच्या केबिनवर जोरात थाप मारली. गाडी सुटली.