भिंगरीचा एक तास

पोस्टात पत्रं निवडून खणांत टाकायच्या कामावर तिने एकतीस वर्षं काढली आणि तिथंच तिचं नाव भिंगरी पडलं. मिनिटाला साठ पत्रं! बाकीचे चहाला उठायचे तोवर हिचं पोतं रिकामं होऊन घडी घालून ठेवलेलं असायचं. चालणं तसंच, बोलणं तसंच. लग्नसुद्धा तिने समोरच्याचा चहा संपायच्या आत ठरवून टाकलं होतं. तो समोरचा लिफ्ट दुरुस्त करणारा होता आणि इतका संथ, की आपल्याला होकार मिळालाय हे त्याच्या डोक्यात शिरायला तिसरा दिवस उजाडला.

निवृत्तीनंतर अशा बाईने करायचं काय? तीन आठवड्यांत तिने घरातली सगळी कपाटं आवरली आणि चौथ्या आठवड्यात शेजाऱ्यांची आवरायला निघाली. तेव्हा लेकीने तिला धरून गल्लीच्या टोकाच्या संगणक मंडळात नेऊन बसवलं. तिथं तिला कळलं, की प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि त्याला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं. बस्स! बाई वेडीच झाली.

पद्धत सोपी होती. वेग एक पायरी वाढवायचा, गरज पडली तर वीज थोडी जास्त द्यायची, मग प्रोसेसरला मान वर करता येणार नाही इतकं काम देऊन तासभर बघत बसायचं. तापतोय का? अडकतोय का? पायरी वाढवणं भिंगरीला झकास जमलं. बघत बसणं काही जमेना. दहा मिनिटं यंत्राने तग धरला की "झालं पक्कं!" म्हणून ही पुढच्या पायरीवर, आणि थोड्याच वेळात यंत्र ठप्प, पडदा निळा. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये जो लेप लावतात तो तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. हिने पोळलेल्या बोटाला मलम थापावं तसा थापला. मंडळाच्या हॉलमधलं वायरिंग जुनं, त्यात हिची वीज वाढवण्याची हौस दांडगी. दोनदा सगळ्या हॉलचा फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा एका आजोबांचं अर्ध्यावर आलेलं आत्मचरित्र गेलं.

मंडळाचे चिटणीस म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी तिला बाजूला बोलावलं.

"बाई, टेबलं दहा आहेत आणि वाट बघणारे सतरा. शनिवारच्या स्पर्धेत तुमचं यंत्र तासभर न अडकता चाललं, तर टेबल तुमचं. अडकलं, तर ते मी दुसऱ्या कुणाला देणार."

त्या दिवशी भिंगरी घरी चालत आली. म्हणजे खरोखरच चालत, सगळी माणसं चालतात तशी. नवरा घाबरलाच.

"मला तिथं फार आवडतं हो," ती म्हणाली. "सकाळी डोळे उघडले की कधी एकदा तिथं जाते असं होतं. घरी बसले तर मी मरेन."

नवऱ्याने बराच वेळ विचार केला. तो कायमच बराच वेळ विचार करायचा. मग म्हणाला, "सहा माणसांची लिफ्ट सात जणांना घेऊनही वर जाते गं. पण पाटीवर मी सहाच लिहितो."

भिंगरीने तोंड वाकडं केलं, पण यंत्राचा वेग पाच पूर्णांक एकवरून चार पूर्णांक आठ गिगाहर्ट्झवर आणला. जादाचा लेपही पुसून काढला. पूर्ण तास मात्र शुक्रवारपर्यंत एकदाही तिच्याने बघवला नाही. बोटं वळवळायचीच.

शनिवारी सकाळी दहाला स्पर्धा सुरू झाली. शेवटी ज्याचा वेग जास्त, तो जिंकणार. मधे वेग वाढवायला हरकत नव्हती, फक्त यंत्र बंद पडता कामा नये. घंटा वाजताच भिंगरीने कीबोर्ड आणि माउस उपटले आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातात कोंबले.

"हे धरा. मी मागितलं तरी देऊ नका."

त्याने माउस खिशात टाकला, कीबोर्ड खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसला.

पंखे घोंगावत होते. विसाव्या मिनिटाला एकाचा पडदा निळा झाला, तिसाव्याला आणखी दोघांचे. चिटणिसांचा प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झवर ठाण मांडून होता. भिंगरीने मान लांब करून तो आकडा वाचला आणि संपलंच सगळं.

"अहो, द्या इकडे."

"नाही."

"एकच पायरी! थंड आहे बघा, हात लावून बघा!"

"नाही."

"मी सांगतेय ना, द्या म्हणून!"

"तूच सांगितलंस म्हणून देत नाही."

चौतीस वर्षांत त्याने तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तिचा संताप झाला, मग हसू आलं, मग तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि घड्याळाकडे बघत बसली. बाई बसलीय हे बघायला दोघं-तिघं आपली टेबलं सोडून आले. शेवटची चार मिनिटं तर तिने श्वास घेतला की नाही तेही कुणाला सांगता येणार नाही.

घंटा झाली. चषक चिटणिसांना मिळाला. चार पूर्णांक आठवाली भिंगरी तिसरी आली, आणि चिटणिसांनी वहीत तिच्या टेबलासमोर तिचं नाव शाईने लिहिलं. तिला इतका आनंद झाला की तिने आधी चिटणिसांशी आणि मग त्यांच्या चषकाशी हात मिळवला.

मग ती नवऱ्याकडे वळली. तो आधीच उठून उभा होता. त्याने कीबोर्ड शर्टाला पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"घे. आता कर काय करायचंय ते."

पाच पूर्णांक तीन! वीज भरपूर! भिंगरीने बटण दाबलं, यंत्र किंचाळलं, पडद्यावर आकडा क्षणभर झळकला, आणि फट्! दहाच्या दहा पडदे काळे, पंखे बंद, हॉल चिडीचूप.

"बाई!" चिटणीस ओरडले.

"तास झाल्यानंतरचं धरायचं नाही!" भिंगरीही ओरडली, आणि सगळा हॉल हसायला लागला.

नवरा फ्यूजच्या डब्याकडे निघालाच होता. त्याच्या खिशात नव्या तारेचं वेटोळं होतं, सकाळी निघतानाच टाकलेलं.