ओमानमध्ये बहुमताने

मस्कतच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. ती पुसेपर्यंत माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी, विनायकरावांनी, पहिलं मतदान पुकारलं होतं. नाश्ता घरी की वाटेत? त्यांच्या घरात सगळं हात वर करून ठरतं: भाजी, पडदे, सुट्टीतली सहल. हरलेल्याने तोंड पाडायचं नाही आणि विषय पुन्हा काढायचा नाही, एवढाच नियम. मी वाटेतल्या नाश्त्यासाठी हात वर केला, त्यांनी घरच्यासाठी. सुमतीने, माझ्या बहिणीने, दोन्ही हात खालीच ठेवले. बरोबरी झाली, म्हणून निर्णय नाही, म्हणून नाश्ता नाही.

कुरुमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, कांदा चिरता चिरता सुमतीने कारण सांगितलं. मुक्ता, त्यांची लेक, स्वित्झर्लंडला नोकरी करते. तिचं लेना नावाच्या मुलीशी तीन आठवड्यांनी लग्न आहे. आईवडिलांनी जायचं की नाही यावर रीतसर मतदान झालं. विनायकराव विरोधात, पुण्याचा मुलगा निखिल विरोधात (त्याने फोनवरून हात वर केला असं मानण्यात आलं), सुमती एकटी बाजूने. विषय संपला. त्या दिवसापासून तिने कशासाठीही हात वर केला नव्हता. उपोषण नाही, घोषणा नाही. स्वयंपाक वेळेवर होत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निझव्याला निघालो. दोन्ही बाजूंना गवताची काडी नसलेले तपकिरी डोंगर आणि मधून आरशासारखा गुळगुळीत रस्ता. या देशात मुक्ताच्या लग्नासारखा विषय गाडीच्या काचा वर करून बोलायचा असतो. उन्हामुळे त्या वरच असतात, त्यामुळे अडचण आली नाही.

"ताई, आपल्या सुप्रीम कोर्टानेसुद्धा सांगितलं, असल्या लग्नांचं संसदेने ठरवायचं," विनायकराव म्हणाले. "म्हणजे शेवटी लोकांनी. लोकांचा कौल मानायचा. दर वेळी कोर्टात आणि रस्त्यावर गेलं तर मतदान हवंच कशाला?"

स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी मतदान करूनच या लग्नांना मान्यता दिली आहे, असं मी म्हटलं. त्यांनी पुढचा टँकर मागे टाकला.

"ते त्यांचे लोक," ते म्हणाले.

मागच्या सीटवर सुमती खजूर खात होती. बी कागदात गुंडाळून ठेवत होती.

निझव्याचा किल्ला म्हणजे एक अवाढव्य गोल बुरूज. वर चढायला माझे गुडघे तयार नव्हते, म्हणून आम्ही सूकमध्ये (बाजारात) शिरलो. तिथे श्रीवर्धनचे हमीदभाई हलव्याच्या दुकानात आहेत. त्यांनी आधी कहवा (वेलचीची बिनदुधाची कॉफी) पाजला, मग हलवा चाखायला दिला. तूप, केशर, गुलाबपाणी. जिभेवर ठेवला की चावायचं काम उरत नाही. केशरी घ्यावा की काळा, यावर मतदान झालं. बरोबरी. हमीदभाई डबा उघडा धरून उभे होते.

"काय ठरला का नाय तुमचा?" त्यांनी विचारलं. "मागं गिऱ्हाइकां उभी हायत."

आम्ही हलवा न घेता बाहेर पडलो. मला मनापासून वाईट वाटलं, आणि तेव्हा तरी ते हलव्यासाठीच होतं.

पुढच्या सुट्टीला सूरला गेलो. समुद्रकाठी लाकडी गलबतं बांधायचा कारखाना आहे आणि खाडीपलीकडे दीपगृह. आधी कुठे जायचं? माझा हात गलबतांसाठी, विनायकरावांचा दीपगृहासाठी. आम्ही भर उन्हात गाडीजवळ उभे राहिलो. एक बकरी येऊन आमच्या सावलीत बसली.

"सुमती, हा रुसवा झाला," विनायकराव म्हणाले. "नियमात बसत नाही."

"रुसले नाही," ती म्हणाली. "भाजीवर मत घ्या, पडद्यांवर घ्या. मी माझ्या लेकीच्या लग्नात उभं राहायचं की नाही, हे मतदानाला टाकायचंच नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, निखिल माझ्या बाजूने येईल."

"म्हणजे जिंकली असतीस तर मतदान चाललं असतं."

सुमतीने पदराने मान पुसली. या प्रश्नावर ती हरणार असं मला वाटलं.

"चाललं असतं," ती म्हणाली. "पण चूक तेव्हाही असतीच. मी तिकीट काढते आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे."

विनायकरावांनी गाडीचं दार उघडलं. मग "यल्ला, चला, बसा" म्हणून त्यांनी गाडी सुरू केली आणि एका मासळीच्या खाणावळीसमोर थांबवली. सुरमई कुणाला न विचारता मागवली. ती उत्तम होती.

माझं मुंबईचं आणि सुमतीचं झुरिकचं विमान एकाच दुपारी होतं. विनायकराव सोडायला आले. बहुमताचा निर्णय त्यांनी स्वतःपुरता पाळला होता. ते जाणार नव्हते. सामान उतरवून झाल्यावर त्यांनी पुढच्या सीटखालून एक पिशवी काढली. आत निझव्याच्या हलव्याचे दोन डबे होते, एक केशरी, एक काळा. आदल्या दिवशी ऑफिसचं काम सांगून ते दिवसभर कुठे होते, ते तेव्हा कळलं.

सुमतीने पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"जायचं नाही असं ठरलं होतं," ते म्हणाले. "पाठवायचं नाही असं कुठे ठरलं होतं? एक मुक्ताला. एक त्या मुलीला."

"तिचं नाव लेना."

त्यांनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"काळा लेनाला दे," ते म्हणाले. "तो जास्त टिकतो."

घरी आल्यावर सगळ्यांनी ओमान कसं आहे ते विचारलं. मी म्हटलं, रस्ते चांगले आहेत. लोकांचा कौल मानावा असं मला आजही वाटतं, पण कशावर कौल घ्यायचाच नाही हे आधी ठरवायला हवं, आणि ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. लग्नाचे फोटो मुक्ताने सगळ्यांना पाठवले. एका फोटोत लेना हलव्याचा डबा पोटाशी धरून उभी आहे. विनायकरावांनी तो मला पुन्हा वेगळा पाठवला.