काउकोचा रिकामा वाडगा

फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या लोविसा गावातली माणसं मुळात कमी बोलतात, आणि बोललीच तर समोरच्याला बरं वाटेल तेवढं बोलून गप्प होतात. काउको निएमेलाला हे कधी जमलं नाही. तो आयुष्यभर गावातून वाल्कोच्या बंदरापर्यंत बस चालवत राहिला, आणि त्याच्या बसमध्ये चढताना लोक जरा जपूनच चढायचे. एकदा पाद्रीबुवा त्याच्या मागच्या सीटवर बसले होते. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काय काउको, रविवारचं प्रवचन कसं वाटलं?"

"अर्धं पुरलं असतं," काउको म्हणाला आणि गिअर टाकला.

पुढच्या रविवारी प्रवचन खरंच अर्ध्यावर आलं. चर्चमधल्या सगळ्यांनी मनातल्या मनात काउकोचे आभार मानले, उघड मात्र कोणी मानले नाहीत.

माझं कापडाचं दुकान होतं. एकदा एका गिऱ्हाइकाला मी पडद्याचं कापड दाखवत होते, तेवढ्यात हा बटणं घ्यायला आला आणि म्हणाला, "ओनेर्वा, हे कापड तू तुझ्या घरात लावशील?" गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. मग एके सकाळी मी त्या कापडाचा तागा उजेडात नेऊन नीट पाहिला, आणि गुपचूप मागच्या फळीवर ढकलला. हाच माणूस थंडीत, रस्त्यावर बर्फ असताना, काठी टेकत येणाऱ्या एखाद्या म्हातारीसाठी बस थांबवून ठेवायचा. कोणी कुरकुरलं, "उशीर होतोय रे," की म्हणायचा, "होतोय." बस हलायची नाही. तो मला का आवडायचा ते मी नवऱ्यालाही कधी नीट सांगू शकले नाही, पण असं होतं खरं.

असा हा माणूस एका ठिकाणी मात्र खोटं बोलायला लागला. ते ठिकाण म्हणजे रायलीची खानावळ.

रायली हाक्काराइनेनची खानावळ बंदराजवळ होती. दुपारचं जेवण तेवढं मिळायचं. गुरुवारी वाटाण्याचं सूप, कारण गुरुवारी आमच्याकडे सगळीकडे तेच असतं, शाळेत, सैन्यात, इस्पितळात. पण रायलीचं सूप वेगळं होतं. घट्ट, हिरवट, धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे सोडवून घातलेले, वरून बारीक चिरलेला कांदा आणि मोहरीचा एक ठिपका. मागून ओव्हनमध्ये भाजलेलं जाडसर पॅनकेक आणि स्ट्रॉबेरीचा जॅम. गुरुवारी अकरा वाजता तिथे जागा मिळायची नाही. जेवण झालं की आपला ट्रे उचलायचा, स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या खिडकीत ठेवायचा आणि आत बघून म्हणायचं, "धन्यवाद, छान होतं." हे न म्हणता बाहेर पडलेला माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडे लहान मुलांना चालायच्या आधी हे शिकवतात.

काउकोची बायको अनिक्की आजारी पडली तेव्हा शेवटच्या हिवाळ्यात तिला अन्न जाईनासं झालं. रायलीला कोणी काही सांगितलं नव्हतं. एका गुरुवारी ती सायकलच्या हँडलला डबा अडकवून बर्फातून त्यांच्या दारात उभी राहिली. अनिक्कीने चार चमचे सूप खाल्लं. मग रायली रोजच जायला लागली, काही न विचारता, डबा ठेवायची आणि निघायची. शेवटपर्यंत अनिक्कीच्या पोटात जे काही गेलं ते रायलीच्या हातचं गेलं. अनिक्की गेल्यावर काउको गुरुवारी माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून जेवायला लागला, आणि खिडकीशी "छान होतं" म्हणताना थोडा जास्त वेळ थांबायचा.

मग एका ऑक्टोबरात सूप बिघडलं.

पहिल्यांदा वाटलं, एखाद्या दिवशी होतं. पुढच्या गुरुवारी ते इतकं खारट होतं की डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या पुढच्या वेळी मिठाचा पत्ताच नाही. एकदा वाटाणे खाली लागले होते आणि सगळ्या भांड्याला करपल्याचा वास होता. पॅनकेकमध्ये साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा बंदरावरचा एक धिप्पाड क्रेनवाला तो घास तोंडात धरून छताकडे बघत राहिला, मग गिळला, ट्रे उचलला आणि खिडकीशी जाऊन म्हणाला, "धन्यवाद, छान होतं." सगळेच तसं म्हणाले. आणि सगळे हळूहळू महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर जेवायला जायला लागले, तिथे मांसाचे गोळे मिळतात आणि ते दर वेळी सारखेच वाईट असतात.

मार्चपर्यंत गुरुवारी आम्ही दोघंच उरलो. मी राय धान्याचा काळा पाव आणि लोणी खायचे. काउको मात्र वाडगा साफ पुसून खायचा.

"तुझी जीभ मेलीये का रे?" मी एकदा विचारलं.

"नाही."

"मग हे गिळतोस कसं?"

"गिळतो."

"पाद्रीला तोंडावर सांगतोस, माझं गिऱ्हाईक पळवतोस, आणि इथे मूग गिळून बसतोस?"

त्याने पावाच्या तुकड्याने वाडग्याची कड पुसली. "अनिक्कीने रायलीचं कधी काही टाकलं नाही," एवढंच म्हणाला.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी आम्ही जेवत असताना रायली बाहेर आली. ती कधी बाहेर येत नसे. एप्रन काढून तिने खुर्ची ओढली आणि आमच्या टेबलाशी बसली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणानंतर मी खानावळ बंद करतेय," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना आधी सांगावं म्हटलं. तुम्हीच उरलात."

मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला तोंड उघडलं, पण ती काउकोकडे बघत होती.

"काही कळत नाही मला," ती म्हणाली. "मी कोणाचं काय वाकडं केलं? सगळे येताना हसून येतात, जाताना छान होतं म्हणून जातात, आणि परत येत नाहीत. मला वाटलं, सूपच बिघडलं असेल. कारण खरं सांगू का, ऑक्टोबरात तो ताप आला ना, तेव्हापासून मला वास येत नाही. चवही नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. कोणाला सांगितलं नाही, कारण चव न कळणाऱ्या बाईच्या हातचं कोण जेवेल? हाताला जे माहीत आहे त्या अंदाजाने करते. पण तुझा वाडगा दर गुरुवारी साफ येतो. म्हटलं, काउको निएमेला खोटं बोलणारा माणूस नाही. त्याचा वाडगा रिकामा आहे म्हणजे सूप ठीक आहे. म्हणजे लोकांना मीच नकोशी झालेय."

काउकोच्या समोर अर्धा वाडगा सूप होतं. त्या दिवशीचं तर मिठाने कडू झालं होतं. मांस आधीच खारवलेलं असतं, आणि ती भीतीपोटी वरून पुन्हा मीठ घालत होती. त्याने चमचा उचलला, बघितला, आणि टेबलावर ठेवला. आवाज झाला इतक्या जोरात ठेवला.

"रायली, हे खाता येत नाही," तो म्हणाला.

"आजचं?"

"ऑक्टोबरपासूनचं."

रायलीने त्याचा वाडगा स्वतःकडे ओढला. "आणि तू सगळं खाल्लंस."

"तू अनिक्कीसाठी बर्फातून यायचीस. मला तुझं अन्न टाकवेना."

"म्हणून मला बुडवायचं?" तिचा आवाज चढला नाही, पण मला खुर्चीत चोरट्यासारखं वाटलं. "बाकीच्यांचं मी समजू शकते. ते तसेच आहेत, मीही तशीच आहे. पण तुला तर बोलता येतं ना? आख्ख्या गावात एक माणूस होता ज्याच्या भरवशावर मी डोळे मिटून चालले, आणि त्यानेच खड्ड्यात नेलं."

ती उठली, आत गेली, आणि भांड्यांच्या खिडकीचं झाकण खाली ओढलं. काउको ट्रे घेऊन त्या बंद झाकणासमोर उभा राहिला. मग ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवून बाहेर पडला. मी त्याच्या मागे गेले नाही. त्या दिवशी त्याला कोणी काही बोलून उपयोग नव्हता.

पुढचं मला रायलीने सांगितलं. पुढच्या गुरुवारी सकाळी, सूप नुकतं उकळायला लागलं होतं, तेव्हा मागच्या दाराशी कोणीतरी उभं असल्याचं तिला दिसलं. काउको होता. कोटाच्या खिशातून घरचा चमचा डोकावत होता.

"काय हवंय?"

"चव घ्यायला आलोय."

"पुन्हा छान म्हणशील."

"नाही म्हणणार."

तिने त्याला थंडीत चांगलं ताटकळत ठेवलं. ते तिने मला सांगितलं तेव्हा अजूनही थोडी खूश दिसत होती. मग दार उघडलं. काउकोने चमचा भांड्यात बुडवला, फुंकून तोंडात घातला.

"मीठ घालू नकोस आता. मांसात पुरेसं आहे."

"कांदा?"

"दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"चवीत नाही. अजून घाल."

त्या दिवशी सूप अगदी पूर्वीसारखं नव्हतं, पण खाता येत होतं. काउकोने खिडकीशी ट्रे ठेवला आणि आत बघून म्हणाला, "मोहरी जुनी झालीये." जेवणघरात दुसरे दोघं जण होते, कुठून तरी चुकून आलेले. त्यांचे चमचे हवेतच थांबले. आतून रायली म्हणाली, "उद्या नवीन आणते."

मग हे रोजचंच झालं. सकाळी तो मागच्या दाराने जायचा, घरचा चमचा खिशात घालून, आणि बसमध्ये बोलायचा तसंच बोलायचा. "आंबट." "कमी उकळलंय." "हा मासा परत दे त्या मासेवाल्याला." रायली चिडायची, एकदा तिने त्याला ओल्या फडक्याने मारलं म्हणे. जेवणानंतर खिडकीशी तो सगळ्यांदेखत खरं काय ते सांगायचा, आणि लोकांना त्याची इतकी गंमत वाटायला लागली की ते त्याचं ऐकायला म्हणून येऊ लागले. आले की जेवावं लागायचं, आणि जेवले की पुन्हा यायचे. क्रेनवाला आला. पाद्रीबुवा आले, पण काउकोपासून लांब बसले. जूनचा सण आला आणि गेला, रायलीने बंद करण्याचं नाव काढलं नाही.

मला काय आवडलं सांगू? इतकी वर्षं खरं बोलताना त्याला काही मोजावं लागत नव्हतं. ते जिभेवर यायचं आणि तो सोडून द्यायचा. रायलीपुढे मात्र प्रत्येक शब्द त्याला जड जात असणार, आणि तरी तो रोज सकाळी जाऊन बोलत होता.

रायलीला पुन्हा वास येऊ लागला नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही. इकडे "छान होतं" हे शब्द काउकोने खिडकीशी पुन्हा उच्चारले नव्हते, आणि तिनेही मागितले नव्हते.

पुढच्या ऑक्टोबरातला गुरुवार होता. खानावळ भरलेली, बाहेर कोट अडकवायला जागा नव्हती. पहिल्याच चमच्याला मी काउकोकडे बघितलं. तो हळूहळू जेवत राहिला. मग ट्रे उचलून खिडकीशी गेला. त्याच्या पुढचे तिघं चौघं छान होतं, छान होतं म्हणत गेले, आणि रायली भांडी घासता घासता मान वर न करता हं हं करत होती.

काउकोने ट्रे ठेवला. "छान होतं," तो म्हणाला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. रायली हात पुसत खिडकीशी आली.

"खरं?"

"तुला माहितेय मी आता कसा बोलतो ते."

तिने फडकं खांद्यावर टाकलं. मग हळूच विचारलं, "अनिक्कीला आवडलं असतं?"

काउको खरोखर विचार करत होता. त्याच्यामागे ट्रे घेतलेल्या माणसांची रांग झाली होती, पण कोणी पुढे सरकेना.

"तिने अजून मागितलं असतं," तो म्हणाला.

रायलीने त्याचाच वाडगा उचलला, नळाखाली धरला, आणि मोठ्या भांड्यातून एक डाव सूप त्यात घालून त्याच खिडकीतून त्याच्या हातात दिलं. काउको तो वाडगा दोन्ही हातांनी धरून परत आला आणि माझ्यासमोर जेवायला बसला.